पाना घेऊन शर्यतीला जाणारा जगज्जेता

1968 सालातल्या या चार तारखा सलग वाचून पाहा. 7 एप्रिल, हॉकेनहाइम: जिम क्लार्क. 7 मे, इंडियानापोलिस: माइक स्पेन्स. 8 जून, जर्मनीतल्या रॉसफेल्डची घाटशर्यत: लुडोविको स्कारफिओटी. 7 जुलै, फ्रान्समधलं रूआँ: जो श्लेसर. चार महिन्यांत चार मृत्यू, आणि चौघेही फॉर्म्युला वनच्या गाड्या चालवणारे. त्यातला क्लार्क तर दोनदा जगज्जेता झालेला आणि सर्वांत वेगवान म्हणून सगळ्यांनी निमूटपणे मान्य केलेला. तोच गेला म्हटल्यावर ‘मी सांभाळून चालवीन, मला काही होणार नाही’ हा बाकीच्यांचा शेवटचा आधारही गेला.

ऑगस्टच्या 4 तारखेला जर्मन ग्रांप्री होती. ठिकाण न्यूर्बुर्गरिंग. आयफेलच्या डोंगरांमधून चढत-उतरत जाणारा 22.8 किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना गच्च झाडी. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि धुकं इतकं की पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मात्रा-फोर्ड चालवणाऱ्या जॅकी स्टुअर्टच्या मनगटातलं हाड एप्रिलमधल्या अपघातात मोडलं होतं आणि ते अजून जुळलं नव्हतं. मनगटावर कवच चढवूनच तो गाडीत बसला. त्याची उतरायची इच्छा नव्हती; संघप्रमुख केन टिरेलनं त्याला जवळजवळ ढकललंच. ती शर्यत स्टुअर्टनं जिंकली. दुसरा आलेला ग्रॅहम हिल त्याच्यामागून 4 मिनिटं 3 सेकंदांनी पोचला. सेकंदाच्या दहाव्या भागावरून हार-जीत ठरणाऱ्या खेळात चार मिनिटांचं अंतर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पावसातली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, या वादात आजही ही शर्यत पहिल्या दोन-तीनांत येते.

आणि याच माणसाला त्याच्या काळातले कित्येक जाणकार भित्रा म्हणत होते.

जॅकी स्टुअर्टची गोष्ट मला याच विसंगतीसाठी सांगावीशी वाटते. तीन जगज्जेतेपदं, 99 शर्यती, 27 विजय हे आकडे कोणत्याही विश्वकोशात मिळतील. पण त्यानं मिळवलेल्या विजयांचा त्यानं जो वापर केला, तो त्याच्याआधी कोणी केला नव्हता. धोक्याविरुद्ध बोलायचं तर आधी सर्वांत वेगवान असावं लागतं. मागून पाचव्या आलेल्याचं ऐकतो कोण? स्टुअर्टला हे फार लवकर कळलं होतं.

त्याचा जन्म 11 जून 1939चा, स्कॉटलंडमधल्या डंबार्टनजवळच्या मिल्टन गावातला. वडिलांचं गॅरेज होतं. थोरला भाऊ जिमी शर्यतींत उतरला होता, 1953च्या ब्रिटिश ग्रांप्रीतही धावला होता. अपघातांनंतर त्यानं खेळ सोडला आणि आईनं घरात शर्यतीचं नाव काढायला बंदी केली. धाकट्याची शाळेत दशा वाईट होती. वाचता येईना, पाठांतर होईना. मास्तर आणि पोरं दोघंही त्याला ढ म्हणत. पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या गॅरेजात पेट्रोल भरू लागला, मग मेकॅनिकचं काम शिकला. हा डिस्लेक्सिया आहे, हे त्याला कळलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, तीनदा जगज्जेता होऊन निवृत्त झालेला गृहस्थ होता. मुलाला शाळेत तोच त्रास होऊ लागला, मुलाची तपासणी झाली आणि त्या निमित्तानं बापाचंही निदान झालं. आपल्या देशाचं राष्ट्रगीत आपल्याला पाठ म्हणता येत नाही, असं तो उघड सांगतो. न्यूर्बुर्गरिंगची वळणं मात्र, त्याच्या मोजणीनं 187, एकेक करून कुठं ब्रेक, कुठं कोणता गिअर, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकत असे.

शाळेनं हिरावलेला आत्मविश्वास त्याला बंदुकीनं परत दिला. मातीच्या उडत्या तबकड्या फोडण्याच्या ट्रॅप नेमबाजीत तो ब्रिटनमधल्या अव्वल नेमबाजांत गणला जाई. 1960च्या रोम ऑलिंपिकसाठीची निवड थोडक्यात हुकली आणि त्याला राखीव म्हणून थांबावं लागलं. ही आठवण त्याला जगज्जेतेपदांपेक्षा जास्त बोचते असं त्याच्या बोलण्यावरून वाटतं. पण शर्यतीतल्या स्टुअर्टला समजून घ्यायचं तर हा खेळ लक्षात ठेवावा लागतो. मोटारशर्यतीत एक वळण चुकलं तर पुढच्या दहा वळणांत भरपाई करता येते. ट्रॅपमध्ये हुकलेली तबकडी हुकलेलीच राहते. त्यामुळे आधीच्या चुकीचा राग आणि आधीच्या यशाचा आनंद, दोन्ही झटकून पुढच्या तबकडीकडे कोऱ्या मनानं पाहावं लागतं. शर्यतीच्या सकाळी आपण फुगलेल्या चेंडूसारखे असतो आणि सुरुवातीची खूण होईपर्यंत त्यातली सगळी हवा काढून टाकायची असते, असं तो सांगत असे. निशाण पडतं तेव्हा मनात ना भीती, ना उत्साह. म्हणूनच पहिल्या दोन फेऱ्यांत, बाकीचे अजून सावरत असताना, तो निघून गेलेला असे.

शर्यतीत तो आला तो गॅरेजच्या एका श्रीमंत ग्राहकामुळे. या ग्राहकाच्या गाड्या स्टुअर्ट निगुतीनं तयार करी. मोबदला म्हणून त्यानं त्याला त्या चालवायला दिल्या. आईला कळू नये म्हणून पोरगा शर्यतीच्या यादीत ‘ए. एन. अदर’, म्हणजे ‘दुसरा कोणीतरी’, असं नाव लावत असे. 1964 मध्ये गुडवुड सर्किटवर केन टिरेलनं त्याला फॉर्म्युला थ्रीची कूपर चालवून पाहायला बोलावलं. टिरेल हा इंग्लंडातल्या सरे परगण्यातला लाकडाचा व्यापारी. वखारीच्या आवारातच त्याचा शर्यतीचा संघ चालायचा. तुलनेसाठी त्या दिवशी तिथं ब्रूस मॅक्लारेन होता, म्हणजे फॉर्म्युला वनमधला नावाजलेला, अनुभवी माणूस. मॅक्लारेननं वेळ लावली, नवख्या पोरानं ती मोडली. मॅक्लारेन पुन्हा बसला, आणखी वेगानं गेला. पोरानं तीही मोडली. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1965ला, दक्षिण आफ्रिकेत स्टुअर्ट बीआरएम संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि सहावा आला. त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीतल्या मोंझाला पहिला विजय.

त्याचं चालवणं पाहायला कंटाळवाणं होतं, असं म्हणणारे होते, आणि ती स्तुतीच होती. गाडीचा मागचा भाग घसरवत, स्टिअरिंगशी झुंजत जाणारा ड्रायव्हर प्रेक्षकांना आवडतो. स्टुअर्टची गाडी रुळावरून गेल्यासारखी जाई. ब्रेक दाबण्यापेक्षा ब्रेक सोडणं महत्त्वाचं, हे त्याचं आवडतं तत्त्व. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. तो झटक्यात सोडला तर पुढचा भाग उसळतो, टायरची पकड क्षणभर जाते आणि नेमका तोच क्षण वळणात शिरण्याचा असतो. पाय अलगद उचलला की भार हळूहळू परततो, गाडी बावरत नाही आणि गॅस लवकर देता येतो. वेळ तिथं मिळतो. कमी वेगानं जाणं नव्हे, तर गाडीला कमीत कमी दुखावणं, हा त्याच्या वेगाचा पाया होता.

आता 12 जून 1966, बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोर्शां. सत्ताविसाव्या वाढदिवसाचा दुसरा दिवस.

त्या काळचं स्पा म्हणजे आर्देनच्या जंगलातल्या तीन गावांमधून जाणारा 14 किलोमीटरचा साधा सार्वजनिक रस्ता. एरवी त्यावरून दुधाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर जात; शर्यतीच्या दिवशी तोच रस्ता बंद करून त्यावर ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं गाड्या सोडत. कडेला घरं, तारेचे खांब, झाडं, उतार. संरक्षण म्हणजे कुठंकुठं रचलेले पेंढ्याचे गठ्ठे. हवामानाचा भरवसा नाही: सुरुवातीच्या रेषेवर ऊन आणि सहा किलोमीटर पुढं मुसळधार, हे स्पाचं नेहमीचं. त्या दिवशीही तसंच झालं. कोरड्या रस्त्यावरून निघालेल्या गाड्या पहिल्याच फेरीत पाण्याच्या भिंतीत शिरल्या आणि निम्म्याच्या आसपास तिथंच बाद झाल्या.

स्टुअर्टची बीआरएम मास्टा नावाच्या वळणावर घसरली. वेग ताशी 265 किलोमीटरच्या घरात. गाडी एका तारेच्या खांबावर, मग एका लाकूडतोड्याच्या खोपटावर आदळत शेतावरच्या इमारतीच्या खालच्या अंगाला जाऊन थांबली. गाडीचा सांगाडा त्याच्याभोवती चेपला गेला होता. कुशीतल्या टाक्या फुटून पेट्रोल त्याच्या अंगावर सांडत होतं आणि विजेचा पंप चालूच होता. एक ठिणगी पुरे होती. पाय अडकले होते. स्टिअरिंग काढल्याशिवाय बाहेर येणं शक्य नव्हतं आणि स्टिअरिंग काढायला पाना लागत होता.

तिथं ना अग्निशामक होता, ना डॉक्टर, ना कोणी कर्मचारी. धावले ते त्याच भागात घसरलेले दोन प्रतिस्पर्धी, ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरांट. त्यांनी जवळच्या एका प्रेक्षकाच्या गाडीतून हत्यारं मागून आणली आणि स्टिअरिंग सोडवलं. पेट्रोलनं भिजलेल्या स्थितीत तो पंचवीसेक मिनिटं आत होता. मग त्याला एका उघड्या ट्रकमध्ये ठेवलं. तिथून सर्किटच्या प्रथमोपचार केंद्रात नेलं, तर स्ट्रेचर ठेवलं ते सिगारेटची थोटकं पसरलेल्या जमिनीवर. मग लिएजच्या रुग्णालयाकडे रुग्णवाहिका निघाली. पुढं पोलिसांची गाडी होती. ती चुकली आणि रुग्णवाहिकेचा चालक रस्ता हरवून बसला.

स्टुअर्टच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, बरगडीला इजा होती, कातडी पेट्रोलनं भाजली होती. जीव वाचला. पण या अपघातात त्याला अपघाताहून भयंकर काही दिसलं: बिनडोकपणा. गाडी घसरली ती त्याच्या चुकीनं किंवा पावसानं, तो भाग खेळाचा. पण पाना नसणं, डॉक्टर नसणं, रस्ता माहीत नसणं, यांतलं काहीच खेळाचा भाग नव्हतं. मोटारशर्यत जगातल्या उत्तम अभियंत्यांचा खेळ म्हणवते आणि तिच्या प्रथमोपचार केंद्राची अवस्था एखाद्या गावठी एसटी स्टँडसारखी, हे त्याला सहन झालं नाही.

त्याचा पहिला उपाय अगदी गॅरेजवाल्याला शोभेल असा होता. पुढच्या शर्यतींपासून त्यानं गाडीत एक पाना चिकटपट्टीनं बांधून ठेवला. सोबत स्वतःच्या खर्चानं डॉक्टर नेऊ लागला. बीआरएमशी संबंधित लुई स्टॅन्ली यानं 1967 मध्ये चाकांवरचं फिरतं रुग्णालय तयार केलं, ते शर्यतींना जाऊ लागलं. काही आयोजकांनी तेही आवारात घ्यायला खळखळ केली. चटकन निघणारं स्टिअरिंग, बाहेरून वीज तोडता येईल असं बटण, सुरक्षा पट्टे, तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट, आगीत टिकणारे कपडे, रस्त्याच्या कडेला पोलादी कठडे, प्रशिक्षित अग्निशामक दल: मागण्यांची यादी वाढत गेली. आज यातली एकही गोष्ट वाचून कोणाची भुवई उंचावणार नाही. तेव्हा प्रत्येकीवर भांडण झालं.

का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. पैसा हे एक कारण होतंच. कठडे बसवायला खर्च येतो आणि सर्किटच्या मालकांना तो करायचा नव्हता. ‘अपघात झाला तर पट्ट्यात अडकून जळून मरण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं’ हा ड्रायव्हरांमधला समज हे दुसरं कारण. आणि तो निव्वळ वेडेपणा नव्हता, कारण आग लागली तर कोणी वाचवायला येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. 1967 मध्ये मोनाकोत लोरेन्झो बांदिनी पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर आदळला, गठ्ठ्यांनीच पेट घेतला आणि तो तीन दिवसांनी गेला. तिसरं कारण सर्वांत चिवट: धोका हाच या खेळाचा आत्मा आहे, तो काढला तर उरेल काय, ही धारणा. दोन महायुद्धं पाहिलेल्या पिढीला पंचविशीतल्या मुलाचं मरण फारसं अनैसर्गिक वाटत नसावं.

या धारणेचा सर्वांत धारदार वकील म्हणजे ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा डेनिस जेंकिन्सन. हा आरामखुर्चीतला टीकाकार नव्हता. 1955च्या मिल्ले मिल्यात, इटलीच्या उघड्या रस्त्यांवरून सुमारे 1,600 किलोमीटर, स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून त्यानं हातांच्या खुणांनी रस्ता सांगितला होता आणि ती शर्यत ताशी सरासरी 157 किलोमीटरनं जिंकण्यात त्याचा वाटा होता. अशा माणसानं स्टुअर्ट खेळाची मर्दुमकी घालवतोय म्हणून लिहिलं, तेव्हा वाचकांनी ते ऐकलं. जेंकिन्सनचं लेखन मला आवडतं, पण या बाबतीत तो साफ चुकला. दुसऱ्याच्या मरणातून मिळणाऱ्या थराराला त्यानं परंपरेचं नाव दिलं.

स्टुअर्टजवळ उत्तर होतं ते निकालांचं. 1969 मध्ये टिरेलच्या संघातून मात्रा चालवत तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. त्याच वर्षी ड्रायव्हरांच्या संघटनेनं स्पामध्ये कठड्यांची मागणी केली, मालकांनी नकार दिला आणि बेल्जियन ग्रांप्री रद्द झाली. पुढच्या वर्षी न्यूर्बुर्गरिंगची पाळी. सुधारणा झाल्याशिवाय तिथं धावणार नाही, असं ड्रायव्हरांनी कळवलं आणि जर्मन ग्रांप्री हॉकेनहाइमला हलवावी लागली. त्या डोंगरी सर्किटला ‘हिरवा नरक’ हे नाव स्टुअर्टनंच दिलेलं. नरक म्हणून टाकून न देता त्यानं तो दुरुस्त करायला लावला. 1971 मध्ये कठडे, रुंद कडा वगैरे होऊन शर्यत परत आली आणि ती पुन्हा त्यानंच जिंकली. भित्रा म्हणणाऱ्यांची पंचाईत अशी की ज्या ठिकाणाची तक्रार हा माणूस करी, तिथं तो सर्वांपेक्षा पुढं असे.

मात्र सुरक्षेची प्रत्येक वस्तू बसवली की काम झालं, असं कधीच नव्हतं, आणि या लढ्याचा सर्वांत कटू भाग इथं आहे.

योहेन रिंट हा स्टुअर्टचा जवळचा मित्र आणि स्वित्झर्लंडमधला शेजारी. 5 सप्टेंबर 1970ला मोंझाच्या सरावात त्याची लोटस कठड्यावर आदळली. पट्टा होता, पण रिंट दोन मांड्यांमधून जाणारे पट्टे लावत नसे, कारण आग लागली तर लवकर सुटता आलं पाहिजे. हे खालचे पट्टे कशासाठी असतात? समोरून धडक बसली की शरीर नुसतं पुढं जात नाही, ते आसनावरून खाली, पायांच्या दिशेनं घसरतं. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे ते घसरणं रोखू शकत नाहीत. रिंट खाली सरकला आणि पट्ट्याच्या बकलनंच त्याचा गळा कापला गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. असं दुसरं उदाहरण नाही. त्या दुपारी स्टुअर्ट रडत गाडीत बसला, सरावाला गेला आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीत दुसरा आला. अशा वेळी गाडीत बसणं हे धैर्य की काय, याचं उत्तर मला देता येत नाही, आणि तोही कधी ठामपणे देत नाही.

कठड्यांचंही तसंच. आपल्याकडे द्रुतगती महामार्गांच्या कडेला पन्हळी पोलादाचे जे कठडे दिसतात, त्याच जातीचे ते. गाडी तिरकी आदळली तर तिला रस्त्याला समांतर वळवायचं, हे त्यांचं काम. पण बोल्ट ढिले असतील, खांब भुसभुशीत जमिनीत असतील किंवा दोन पट्ट्यांमध्ये फट असेल, तर तोच कठडा सुरीसारखा चालतो. तो बसवला का एवढंच विचारून भागत नाही; कसा बसवला हे पाहावं लागतं. म्हणून स्टुअर्ट सर्किटांवर फिरून स्वतः पाहणी करी आणि मालकांच्या शिव्या खाई.

आपण पाच वर्षं शर्यती केल्या तर जिवंत राहण्यापेक्षा मरण्याची शक्यता दुप्पट, असा त्याचा हिशेब होता. हेलन, त्याची बायको, पिटमध्ये हातात स्टॉपवॉच घेऊन वेळ नोंदवायची आणि शर्यत संपली की बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी बायकोचं सामान आवरायला हॉटेलात जायची. तिनं एकदा बसून गेलेल्या मित्रांची संख्या मोजली. आकडा 57 आला.

1971 मध्ये टिरेलच्याच स्वतःच्या गाडीतून दुसरं जगज्जेतेपद मिळालं. 1972 पोटाच्या अल्सरनं खाल्लं. एप्रिल 1973 मध्ये स्टुअर्टनं ठरवलं की या हंगामाच्या शेवटी थांबायचं. टिरेल आणि फोर्डमधली मोजकी माणसं सोडून कोणाला सांगितलं नाही; हेलनलाही नाही, म्हणजे तिला उरलेल्या शर्यती मोजत बसावं लागू नये. त्या वर्षी 29 जुलैला हॉलंडमधल्या झांडवोर्टला रॉजर विल्यमसन या तरुण ब्रिटिश ड्रायव्हरची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली गाडी थांबवून धावला, एकट्यानं ती सुलटी करायचा प्रयत्न करत राहिला. कर्मचाऱ्यांजवळ आगीत टिकणारे कपडेच नव्हते. ते जवळ जाईनात. जाणाऱ्या ड्रायव्हरांना वाटलं की धडपडणारा पर्ली हाच त्या गाडीचा चालक आहे आणि तो सुटला आहे. शर्यत चालूच राहिली. विल्यमसन गेला. ती शर्यत स्टुअर्टनं जिंकली आणि त्याच विजयानं क्लार्कचा 25 विजयांचा विक्रम मोडला. इतका काळवंडलेला विक्रम या खेळात दुसरा नसेल. सात वर्षं जो माणूस अग्निशामकांसाठी भांडला, त्याच्याच विक्रमाच्या दिवशी अग्निशामक वेळेवर पोचले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात न्यूर्बुर्गरिंगला सत्ताविसावा विजय, दुसरा आलेला फ्रांस्वा सेव्हेर. हा देखणा, पियानो वाजवणारा फ्रेंच तरुण टिरेल संघात स्टुअर्टचा जोडीदार होता आणि शिष्यही. जे आपल्याला कळलं ते सगळं स्टुअर्ट त्याला शिकवत होता: गिअर, ब्रेक, कोणत्या वळणावर मोह टाळायचा. पुढच्या वर्षी संघाचं नेतृत्व सेव्हेरकडे जाणार होतं. फक्त ते सेव्हेरला माहीत नव्हतं. मोंझात टायर बदलायला थांबावं लागूनही मागून चौथ्या स्थानापर्यंत येत स्टुअर्टनं तिसरं जगज्जेतेपद पक्कं केलं. हंगामाच्या शेवटी होती अमेरिकेतली वॉटकिन्स ग्लेन, त्याची शंभरावी आणि शेवटची ठरायची शर्यत.

6 ऑक्टोबरला, शनिवारी, पात्रता फेरीत सेव्हेरची टिरेल वर चढणाऱ्या वळणांच्या जोडीत सुटली आणि कठड्यावर उलटी पडली. स्टुअर्ट तिथं पोचला तेव्हा सेव्हेर गेलेला होता. नंतर त्यानं स्वतः गाडी काढून ती वळणं तपासली. आखूड चाकतळाची ती टिरेल तिथं बावरते, म्हणून तो पाचव्या गिअरमध्ये इंजिन शांत ठेवून जायचा. सेव्हेर चौथा वापरत असे, त्यात इंजिनाचा झटका जास्त. स्टुअर्टनं लावलेला अर्थ असा. संघानं माघार घेतली. शंभरावी शर्यत झाली नाही. 99 हाच आकडा राहिला.

एका वर्षानं, त्याच वॉटकिन्स ग्लेनला, ऑस्ट्रियाचा हेल्मुट कॉइनिग कठड्याचा खालचा पट्टा निसटल्यानं त्याखाली जाऊन मेला. 1975 मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइकवर कठड्यांचे बोल्टही नीट आवळलेले नव्हते. ड्रायव्हरांनी बहिष्काराचा पवित्रा घेतला, दबावाखाली बहुतेक जण उतरले, आणि एक गाडी कठड्यावरून उडून प्रेक्षक मेले. 1976 मध्ये न्यूर्बुर्गरिंगला निकी लाउडा आगीत होरपळला. तिथल्या जुन्या सर्किटवरची ग्रांप्री कायमची बंद झाली. 1978 मध्ये रॉनी पीटरसन गेल्यावर मेंदूचे शल्यविशारद सिड वॉटकिन्स यांनी पहिल्या फेरीत गाड्यांमागून वैद्यकीय गाडी नेण्याची पद्धत पक्की केली. स्टुअर्ट एकटा असता तर यातलं काही झालं नसतं, हे खरं. पण त्याच्याआधी या मृत्यूंची कारणं शोधायची असतात, अशी सवयच या खेळाला नव्हती. मृत्यू नशिबाच्या खात्यात टाकायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभं राहायचं, ही रीत.

निवृत्तीनंतरचं आयुष्य लांब आणि भरलेलं. तो टीव्हीवर समालोचन करत राहिला, फोर्ड आणि रोलेक्स अशा कंपन्यांशी त्याचे संबंध दशकानुदशकं टिकले. ड्रायव्हरनं स्वतःचं नाव व्यवसायासारखं सांभाळावं, हे रुजवणाऱ्यांत तोही होता. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात त्यानं आयर्टन सेना या जगज्जेत्या ड्रायव्हरची मुलाखत घेतली आणि तोंडावर विचारलं की आधीच्या सगळ्या जगज्जेत्यांच्या मिळून झाल्या नसतील इतक्या धडका तुझ्या एकट्याच्या कशा झाल्या. सेना भडकला. सेनाचं त्या वेळचं उत्तर आज टी-शर्टवर छापलं जातं, स्टुअर्टचा प्रश्न कोणी छापत नाही. मला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. 1997 मध्ये मुलगा पॉलसोबत त्यानं स्वतःचा संघ काढला. 1999 मध्ये जॉनी हर्बर्टनं त्याला न्यूर्बुर्गरिंगच्या नव्या सर्किटवर एक विजय मिळवून दिला, मग संघ फोर्डनं घेतला, त्याचा जग्वार झाला आणि पुढं रेड बुल. व्हेटेल आणि व्हेर्स्टापेन ज्या संघातून जगज्जेते झाले, त्याचं मूळ हे. 2001 मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. हेलनला 2014 मध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. पुढं त्यानं ‘रेस अगेन्स्ट डिमेन्शिया’ ही संस्था काढली. तिची कल्पना त्याच्या स्वभावाशी जुळणारी आहे: शर्यतीचा संघ दोन आठवड्यांत गाडीतला दोष शोधून दुरुस्त करतो, तर तीच घाई आणि शिस्त संशोधनात आणायची, आणि त्यासाठी तरुण शास्त्रज्ञांना पैसा द्यायचा.

2020च्या नोव्हेंबरात बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. डोक्यावरच्या हेलो नावाच्या चौकटीनं फाटलेला कठडा दूर ठेवला, पट्ट्यांनी शरीर जागेवर ठेवलं, कपड्यांनी आग झेलली, आणि मागोमाग आलेल्या वैद्यकीय गाडीतला डॉक्टर ज्वाळांपर्यंत पोचला. ग्रोजाँ 28 सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. स्पात स्टुअर्टला पंचवीस मिनिटं लागली होती.

विजयांच्या यादीत आज तो पहिल्या पाचांतही नाही. 1987 मध्ये अलँ प्रोस्टनं त्याचा विक्रम मोडला आणि नंतर शूमाकर, हॅमिल्टन कुठल्या कुठे गेले. सर्वांत वेगवान कोण, असं विचारलं तर मी क्लार्कचं नाव घेईन, आणि स्टुअर्टही बहुधा तेच घेईल. पण या खेळावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, या प्रश्नाला माझ्या लेखी दुसरं नाव नाही.